समासातला शिंपी

ऑफिसात तिला सगळे ‘रीळताई’ म्हणतात. नव्याने आलेल्यांना वाटतं, बाई एकदा बोलायला लागल्या की थांबतच नाहीत, म्हणून हे नाव पडलं असणार. तो समज अगदीच निराधार नाही. तिच्यासमोर बसलेल्या माणसाचा चहा हमखास गार होतो. पण नाव पडलं ते तिच्या टेबलावरच्या रिळावरून. पांढऱ्या दोऱ्याचं साधं लाकडी रीळ, टोकाला चिकटवलेली गोल चिठ्ठी आणि चिठ्ठीवर कान टवकारून बसलेला ससा. लोकांचे पैसे शेअरमध्ये गुंतवणाऱ्या ऑफिसात, जिथे एकेकाच्या टेबलावर दोन-दोन स्क्रीन आहेत आणि बटण तुटलं तर नवा शर्टच घेणारी मंडळी बसतात, तिथे हे रीळ बावीस वर्षं ठाण मांडून आहे. कोणी विचारलंच तर ती म्हणते, ‘‘ते माझं नेमणुकीचं पत्र आहे.’’ आणि मग खरोखरच चहा गार होईपर्यंत सांगते.

तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि संख्याशास्त्राची पदवी घेऊन दीड वर्ष घरी बसली होती. घरी म्हणजे दुकानाच्या मागे. पुढे बाबांचं शिंपीकामाचं दुकान, मध्ये पडदा, पडद्यामागे दोन खोल्या. पुढे बाबा मशीनवर, मागे आई काजं-बटणं करत, आणि बरोबर पडद्याशी, जिथे दुकानातला उजेड आत सांडायचा तिथे, ही जमिनीवर बसून कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचत. विद्यापीठात एका प्राध्यापकांनी तिला सहज म्हणून एक अहवाल वाचायला दिला होता, तेव्हापासून हे खूळ डोक्यात शिरलं होतं. अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरात टिपा असतात. त्या वाचायचा सगळ्यांना कंटाळा. हिला नेमक्या त्याच आवडल्या. त्याला कारण बाबा. कोणताही कपडा हातात आला की बाबा आधी तो उलटा करत. इस्त्री केल्यावर वरून सगळेच देखणे दिसतात, आतली शिवण बघायची, शिवणीत पुढेमागे सैल करायला किती कापड सोडलंय ते बघायचं, असं त्यांचं म्हणणं. ही अहवालसुद्धा मागून पुढे वाचायची.

गुंतवणुकीच्या कंपन्यांत नोकरीसाठी तिने अर्जांवर अर्ज केले. मुलाखतीला गेलं की आजूबाजूला बसलेली मुलं-मुली एकमेकांना आधीपासून ओळखत असायची. त्यांचे काका, मामा, वडील कुठल्या ना कुठल्या बँकेत असायचे. एका मुलाखतीत तिला वडिलांचा व्यवसाय विचारला. ती म्हणाली, कपड्यांच्या व्यवसायात आहेत. समोरच्याने विचारलं, माल परदेशी जातो का? ती नुसती हसली. ती नोकरी मिळाली नाही, पण ते उत्तर मात्र तिच्या जिभेवर कायमचं मुक्कामाला आलं.

खरं सांगायचं तर लाज त्याच्याही आधीची होती. बाबा शिवलेल्या प्रत्येक कपड्याच्या आत, कॉलरखाली, आपल्या दुकानाची छोटी पट्टी लावत. निळ्या कापडावर पांढरी अक्षरं, एका बाजूला कात्री. विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षी वसतिगृहातल्या एका मुलीने तिचं जॅकेट उचलून आतल्या पट्टीवर तिचंच आडनाव वाचलं आणि म्हणाली, अगं, हे घरी शिवलेलं आहे होय. बस, एवढंच. पुढच्या सुट्टीत तिने बाबांना सांगितलं की माझ्या कपड्यांना पट्टी नका लावत जाऊ, मानेला टोचते. बाबांनी तिच्याकडे बघितलं, ‘‘बरं,’’ म्हणाले, आणि त्यानंतर तिच्या एकाही कपड्याला पट्टी लागली नाही. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला कुठली पट्टी टोचते आणि कुठली नाही हे कळत नसेल, असं तिने तेव्हा सोयीस्करपणे मानून घेतलं.

शेवटी तिला घेतलं ते एका छोट्या ऑफिसने. जुन्या इमारतीचा तिसरा मजला, सगळी मिळून अकरा माणसं. शाळामास्तरांचे आणि बसचालकांचे निवृत्तीचे पैसे सांभाळायचे, हे त्यांचं काम. सहा महिन्यांसाठी तिघांना चाचणीवर घेतलं होतं; पुढे कोण राहणार ते सहा महिन्यांनी ठरणार होतं. ऑफिसच्या प्रमुखांना तोंडावर साहेब आणि पाठीमागे शंकासुर म्हणत. हे नाव त्यांनी स्वकष्टाने कमावलं होतं. बाहेर पाऊस पडतोय असं सांगितलं, तरी ते विचारायचे, ‘‘कोणी सांगितलं?’’

ही त्यांची खोड नव्हती, त्या ऑफिसची रीतच होती. एखाद्या कंपनीचे शेअर घ्यावेत असं ज्याला वाटे, त्याने त्यावर पाच-सहा पानांचं टिपण लिहायचं. पानाच्या उजव्या बाजूला तीन बोटं समास सोडायचा. प्रत्येक वाक्यासमोर त्या समासात लिहायचं, हे आपल्याला कोणी सांगितलं आणि कधी. आकडा असेल तर अहवालाचं पान. माणूस असेल तर माणूस. ज्या वाक्यासमोर समास कोरा, ते वाक्य साहेब लाल पेन्सिलीने खोडत. मग सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर उभं राहून टिपण वाचायचं. तिच्याबरोबर लागलेल्या एका मुलाचं पहिलं टिपण खोडून खोडून शेवटी फक्त कंपनीचा पत्ता उरला होता. तो मुलगा रोज टाय बांधून यायचा, म्हणून त्याला टायवाला म्हणत. मनाने चांगला होता; त्या दिवशी त्याने स्वतःच सगळ्यांना चहा पाजला.

सहाव्या महिन्याला तिघांनी एकेक मोठं टिपण लिहायचं होतं, आणि त्यावरच पुढचं ठरणार होतं. तिने निवडली ती दोऱ्याची कंपनी. शिवणाचा दोरा, रिळावर सशाचं चित्र. लहानपणी ती रिळं रचून तिने घरं बांधली होती, गाड्या केल्या होत्या. त्या सशाला तिने नावसुद्धा ठेवलं होतं, ते ती आजही कोणाला सांगत नाही. चार वर्षांपूर्वी कंपनीचे मालक बदलले होते, त्यामुळे लोक बिचकून होते आणि शेअर स्वस्त झाला होता. पण विक्री तर वाढत होती. तिचं म्हणणं सरळ होतं. शिंपी एकदा एका दोऱ्यावर विसंबला की सहसा बदलत नाही, दोरा पूर्वीइतकाच पक्का आहे, म्हणून गिऱ्हाईक सुटणार नाही, म्हणून शेअर घ्यावा. आकडे तिने अहवालातून काढले, दोन ठोक व्यापाऱ्यांना फोन केले. आणि दोरा पक्का आहे हे? ते तर तिला जन्मापासून माहीत होतं. तरी रीत म्हणून एका संध्याकाळी तिने बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, चाळीस वर्षं हाच वापरतो, एकदा दगा दिलेला नाही. तिने समासात लिहिलं, ‘एक अनुभवी शिंपी’.

दुसऱ्या शिंप्याला विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही. शिंप्यांबद्दल आपल्याला कोण काय सांगणार, असा तिचा तोरा होता.

रविवारी तिने दुकानातल्या मोठ्या आरशासमोर उभं राहून वाचनाची तालीम केली. ऑफिसचं टिपण बाहेर नेता येत नसे, म्हणून तोंडपाठच, आणि कंपनीचं नाव न घेता, ‘ही कंपनी’ ‘ही कंपनी’ म्हणत. बाबा पाठमोरे बसून पँटच्या मोहऱ्या दुमडत होते. मुलगी कोणाबद्दल बोलतेय ते न कळायला त्यांचे केस काही उन्हात पांढरे झाले नव्हते. ‘‘एका अनुभवी शिंप्याच्या मते,’’ असं ती म्हणाली तेव्हा मशीन क्षणभर थांबलं आणि परत सुरू झालं. त्या दिवशी बाबा विनाकारण गुणगुणत होते. आईने विचारलंसुद्धा की आज काय लॉटरी लागली का. संध्याकाळी त्यांनी तिच्या जॅकेटला इतकी कडक इस्त्री केली की ते खुर्चीवर नुसतं ठेवलं तरी उभं राहिलं असतं.

सोमवारी तिने टिपण वाचलं. आवाज कापला नाही, एकही आकडा चुकला नाही. साहेबांनी पानं उलटली, समासावरून पेन्सिल खाली खाली नेली आणि एका जागी थांबवली.

‘‘या अनुभवी शिंप्यांनी शेवटचं रीळ विकत कधी घेतलं?’’

‘‘ते रोज वापरतात, सर.’’

‘‘वापरतात ते तू लिहिलंयस. मी विकत घेतल्याचं विचारतोय. वापरल्याचे पैसे कंपनीला मिळत नाहीत.’’

साहेबांनी टिपण बंद केलं आणि शांतपणे सांगितलं की पुढच्या सोमवारी परत वाच. मग दाराशी जाऊन वळले आणि म्हणाले की या शिंप्याबुवांना काही ओळख असेल, तर समासात तीही येऊ दे. तिचे कान तापले. टायवाल्याचं टिपण त्या दिवशी एका फटक्यात पास झालं होतं.

घरी येऊन तिने चपलाही न काढता बाबांना विचारलं, सशाचं रीळ तुम्ही शेवटचं कधी विकत आणलंत?

बाबांनी कात्री खाली ठेवली आणि आठवू लागले. त्यांच्याआधी आईलाच आठवलं. कोपऱ्यावरचं दोरे-बटणांचं दुकान बंद झालं, म्हातारे मालक सगळा माल स्वस्तात काढून टाकत होते, तेव्हा या गृहस्थांनी छताच्या पंख्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे घालून चाळीस पेट्या दोरा घरी आणला होता. आई चार दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. अकरा वर्षं झाली त्याला. ‘‘वर मला म्हणतात कसे, मरेपर्यंत पुरेल. म्हणजे आम्ही उकाड्यात मरायचं आणि यांचा दोरा पुरायचा.’’

कापायच्या टेबलाखाली अजून पंधरा-सोळा पेट्या होत्या. तिने एक ओढून उघडली. बसलेला ससा. तिच्या पिशवीत कंपनीचा यंदाचा अहवाल होता, त्याच्या मुखपृष्ठावर ससा होता तो पळणारा. कित्येक आठवडे ती दिवसा तो ससा बघत होती आणि संध्याकाळी हा, आणि एकदाही तिला दोन ससे वेगळे दिसले नव्हते. ती तिथेच फरशीवर बसली.

‘‘चुकलं का गं काही?’’ बाबांनी विचारलं.

तिने सांगितलं. सगळं टिपण तुमच्या एका वाक्यावर उभं आहे आणि तुम्ही तर अकरा वर्षांत दोराच घेतलेला नाही. सांगताना आवाज चढला, आणि चढला याचंच तिला रडू आलं. बाबांना नोकरीचं, चाचणीचं, सोमवारचं सगळं माहीत होतं. त्यांनी पेटी उचलून परत टेबलाखाली सरकवली.

मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी ते कुठेतरी जाऊन आले. तिच्या पुढ्यात दोऱ्याची एक कोरी पेटी ठेवली, वर पावती.

‘‘आज घेतलं. मंगळवार, सकाळी साडेनऊ. लिही तुझ्या त्या समासात. आता खोटं तर नाही ना?’’

तिला हसू आलं. हा माणूस तिच्यासाठी आपलं उत्तर खरं करून आणायला बाजारात जाऊन आला होता. असं चालत नाही हे त्यांना कसं समजवायचं याचा ती विचार करत होती, तोवर बाबांनी नवं रीळ मशीनवर चढवून शाळेच्या शर्टाची कॉलर शिवायला घेतलीसुद्धा. आणलंय तर वापरूनही बघू, म्हणजे कोणी बोलायला नको, असा त्यांचा हिशेब.

दोरा तुटला.

बाबांनी परत ओवला. चार बोटं शिवण झाली आणि परत तुटला. सुई बोथट झाली असेल म्हणून त्यांनी सुई बदलली. मग दोऱ्याचा ताण सैल केला. मग मशीनला तेल दिलं, खालचा बॉबिन काढून पुसला, चष्मा पुसला. आई पडद्यामागून म्हणाली की दोरा तुटतोय हो. ते म्हणाले, नाही, माझा पाय घाईने पडतोय. पाचव्यांदा तुटला तेव्हा त्यांनी वीतभर दोरा काढला, दोन बोटांत उलटा फिरवला आणि उजेडात धरला. मग जुन्या रिळाचा वीतभर काढून शेजारी धरला.

‘‘यात पीळच नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पीळ कमी दिला की कापूस वाचतो, पण दोरा मरतो. मी चुकीचं सांगितलं तुला.’’

‘‘तुम्ही तुमच्या दोऱ्याबद्दल खरंच सांगितलंत, बाबा. मीच नीट विचारलं नाही.’’

आणि मग, कोंडलेलं एक बाहेर पडलं की दुसरं थांबत नाही तसं, तिने तेही सांगून टाकलं. समासात मी ‘माझे वडील’ लिहिलं नाही. ‘एक अनुभवी शिंपी’ लिहिलं.

‘‘ऐकलं होतं मी रविवारी,’’ बाबा म्हणाले. ते नव्या रिळाचा सुटलेला दोरा परत गुंडाळत होते. ‘‘बरोबर आहे ते. माझ्या मापाला नीट बसतं. ऑफिसात घरचं कशाला सांगायचं.’’

त्यांच्या बोलण्यात कुठेही टोमणा नव्हता. तेच तिला सहन होईना. ती पडद्यामागे गेली आणि आईच्या मांडीवर पडलेल्या शर्टांची बटणं उगाच मोजत बसली.

बुधवारी ऑफिसमधून लवकर निघून ती एकटीच सात शिंप्यांकडे गेली. हातात वही, खांद्याला पिशवी. सातही जणांनी तिला तपासणीला आलेली सरकारी बाई समजून सगळं झकास आहे असं सांगितलं. एकाने तर न विचारता परवाना दाखवला. रात्रीच्या जेवणात तिने हे सांगितलं तेव्हा आई पोट धरून हसली. बाबा मात्र हसले नाहीत. गुरुवारी सकाळी त्यांनी दुकानाच्या दारावर ‘बंद’ची पाटी लावली. ताप असताना, घरात सोयरसुतक असताना न लागलेली पाटी. डोक्याला तेल लावून, स्वच्छ शर्ट घालून ते तिला म्हणाले, चल. तिनेही साहेबांना फोन करून दिवसभर बाहेरचं काम असल्याचं कळवलं.

शिंप्याला शिंपी खोटं सांगत नाही. बाबा दुकानात शिरत, विचारपूस करत, एखादा टांगलेला कोट उलटा करून शिवण बघत, आणि मग सहज विचारत, दोरा कोणता वापरतोस? ती बाजूला उभी राहून लिहून घेई. पहिल्याच दुकानात कळलं की सशाचा दोरा सोडून वर्ष झालं. दुसऱ्यात कळलं की दोन वर्षं झाली. एकजण म्हणाला, खाली बॉबिनला तोच, वर सुईत दुसरा, असं करून पेट्या संपवतोय. दोरे विकणाऱ्या एका दुकानदाराने शिडी लावून माळ्यापर्यंत रचलेल्या पेट्या दाखवल्या. कंपनी माल पाठवत राहते, पैसे सावकाश द्या म्हणते, पण विकायचा कोणाला? वाढत्या विक्रीचं कोडं तिला तिथे, त्या शिडीखाली उभं राहून सुटलं. अहवालात कंपनीने विकलेल्या पेट्या होत्या. शिंप्याने घेतलेल्या पेट्यांचं पान त्यात नव्हतंच.

शेवटी राहिला कोटवाला. तीन गल्ल्या पलीकडे फक्त कोट शिवणारा, त्या भागातला सगळ्यात नावाजलेला कारागीर. त्याच्यात आणि बाबांच्यात एका गिऱ्हाइकावरून एकोणीस वर्षं अबोला होता. ती म्हणाली की नऊजण झाले, पुरे. बाबा म्हणाले, साहेब विचारतील, सगळ्यात चांगल्याला का नाही विचारलं. आणि पायरी चढले.

कोटवाल्याने चष्म्यावरून बघितलं. बाबा इकडचं तिकडचं काही बोलले नाहीत. सशाचा दोरा वापरतोस का, एवढंच विचारलं. कोटवाला म्हणाला, दीड वर्षापूर्वीच सोडला, तुटतो. मग जरा थांबून त्याने नेम धरला, ‘‘का रे? तुला आत्ता कळतंय होय?’’

ती वहीतून मान वर करायला धजली नाही. बाबांच्या तोंडून स्वतःची चूक एकोणीस वर्षांच्या वैऱ्यासमोर निघणार होती, आणि ती तिच्या नोकरीसाठी निघणार होती.

‘‘माझ्याकडे जुना साठा होता,’’ बाबा म्हणाले. ‘‘त्याच्या भरवशावर मी पोरीला चुकीचं सांगितलं. तिचं काम अडलंय.’’

कोटवाल्याने हातातली खडूची चकती खाली ठेवली. तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं, मग बाबांकडे. त्याचा चेहरा बदलला. ‘‘जुना म्हणजे बसलेल्या सशाचा?’’ त्याने विचारलं. ‘‘अजून आहे तुझ्याकडे? दोनचार पेट्या देशील?’’

मग चहा आला. मग त्या गिऱ्हाइकाचा विषय निघाला, जे दोघांचेही पैसे बुडवून केव्हाच दुसऱ्या गावी गेलं होतं. ती कंटाळून बाहेर पायरीवर येऊन बसली तरी आतून दोघांचं हसणं येतच होतं. परतीच्या वाटेवर बाबा म्हणाले की माणूस तसा वाईट नाही, बाह्या मात्र पूर्वीपासून जरा आखूड ठेवतो.

सोमवारी ती परत उभी राहिली. या वेळी टिपणाचा निष्कर्ष उलटा होता. शेअर घेऊ नये. तिने सगळं वाचलं, माळ्यावरच्या पेट्या, वरचा दोरा आणि खालचा दोरा, पीळ. साहेबांची पेन्सिल समासावरून उतरत गेली आणि तिथेच येऊन थांबली. त्या वाक्यासमोर आता लिहिलं होतं, ‘माझे वडील, शिंपी. मंगळवार सकाळ, स्वतःच्या मशीनवर. गेल्या वेळी मला चुकीची माहिती मिळाली, कारण मी त्यांना चुकीचा प्रश्न विचारला.’

‘‘गेल्या सोमवारी हे एक अनुभवी शिंपी होते,’’ साहेब म्हणाले.

‘‘हो, सर.’’

‘‘मग वडील कधी झाले?’’

खोलीत कोणीतरी हसू दाबलं. तिने टेबलाची कड धरली. ‘‘ते आधीपासूनच होते, सर. मला सांगायची लाज वाटली होती.’’

मग कोणीच हसलं नाही. साहेबांनी काहीतरी लिहिलं. म्हणाले की टिपण चांगलं आहे, शेअर घ्यायचा नाही. पण घरचं माणूस समासात लपवणं ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांचे पैसे आपण सांभाळतो त्या बसचालकाला, बोलणारा आपला कोण लागतो ते कळायला हवं. म्हणून तिची चाचणी आणखी तीन महिने वाढेल. पानं परत देताना साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं, ‘‘तुझे वडील पँट अल्टर करतात का?’’

टायवाल्याने बाहेर आल्यावर तिला विचारलं की आतापर्यंत सांगितलं का नाहीस, माझ्या टायच्या गाठीकडे बघून तुझा जीव किती तडफडत असेल. तिने तिथेच त्याची गाठ सोडून नीट बांधून दिली.

ती घरी पोचली तेव्हा दुकानात अजून उन्हं होती. बाबांनी मान वर केली. त्यांनी नोकरीचं विचारलं नाही. ‘‘विचारलं का, कोणी सांगितलं म्हणून?’’

‘‘विचारलं. सांगितलं, माझ्या वडिलांनी.’’

‘‘शिंपी आहेत, हेही?’’

‘‘तेच आधी लिहिलं होतं.’’

बाबांनी मान डोलावली आणि मोहरी दुमडायला घेतली. पण मोहरी वाकडी जात होती. त्यांच्या हातून असं कधी व्हायचं नाही. तिने तीन महिन्यांचं सांगितलं. आई पडद्यामागून म्हणाली, आणखी तीन महिने तर तीन महिने, नऊ महिने थांबायची मला सवय आहे.

तिने जॅकेट काढलं, उलटं केलं आणि कापायच्या टेबलावर पसरलं. मग खणातला पत्र्याचा डबा काढून, त्यातल्या निळ्या पट्ट्यांमधली एक उचलून कॉलरखाली ठेवली.

बाबा बघत राहिले. ‘‘आता कशाला? आतच तर असते ती. कोणाला दिसणार?’’

‘‘मला माहीत असेल ना,’’ ती म्हणाली.

‘‘टोचेल मानेला.’’

‘‘कधीच टोचत नव्हती, बाबा.’’

‘‘माहीत आहे मला,’’ बाबा म्हणाले.

त्यांनी टेबलाखालून बसलेल्या सशाची पेटी काढली, एक रीळ निवडलं आणि चष्मा कपाळावर चढवून सुई ओवायला घेतली. दोरा काही जाईना. तीनदा चुकल्यावर त्यांनी सुई तिच्याकडे दिली, तिने ओवून दिली. पट्टी त्यांनी मशीनवर नाही, हातानेच लावली, बारीक टाके घालत, चारही बाजूंनी. शेवटची गाठ मारून दोरा तोडला आणि उरलेलं रीळ जॅकेटच्या खिशात टाकलं. ऑफिसात असू दे म्हणाले, बटणबिटण तुटलं तर.